तोंडाचे दुखणे आणि मनाची व्यथा

भय वाटले म्हणजे तोंडचे पाणी पळते, असे मराठी माणूस म्हणतो. संताप आवरेनासा झाला की तो दातओठ खातो, दुःखात त्याच्या तोंडाला चव राहत नाही, आणि लाज वाटली तर तो तोंड लपवतो. हे वाक्प्रचार आज केवळ अलंकार म्हणून वापरले जात असले तरी त्यांच्या मुळाशी शरीरधर्माचे अचूक निरीक्षण आहे. भीतीने लाळेचा स्राव खरोखरच घटतो. मनावर ताण असलेली पुष्कळ माणसे झोपेत खरोखरच दात करकर वाजवतात. तोंड आणि मन यांचे नाते भाषेला फार पूर्वी कळले होते. वैद्यकाने मात्र सोयीसाठी दोहोंची दालने वेगळी केली. दंतवैद्याकडे गेलेल्या रोग्याला त्याच्या मनाविषयी कोणी विचारीत नाही, आणि मनोविकारतज्ज्ञ आपल्या रोग्याला ‘आ करा’ असे सहसा म्हणत नाही. या दोन दालनांच्या मधल्या बोळात पुष्कळ माणसे अडकून पडतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली मुखारोग्यावर एक अहवाल प्रसिद्ध केला. जगातील जवळजवळ साडेतीनशे कोटी माणसांना तोंडाचा कोणता ना कोणता विकार आहे, असे त्यात म्हटले आहे. यांतील बहुतेकांचे दुखणे किडक्या दातांचे असते. दात भरला किंवा काढला की ते संपते आणि माणूस ते विसरून जातो. येथे विचार करावयाचा आहे तो निराळ्या रोग्यांचा. म्हणजे ज्यांचे दुखणे वर्षानुवर्षे चालते, बरे होईल असे ठामपणे कोणी सांगत नाही, आणि ज्यांना दिवसातून तीन वेळा जेवताना व शंभर वेळा बोलताना त्याची आठवण होते, अशांचा.

अशा रोग्याची अवस्था समजून घेण्यासाठी भोपाळच्या पिपलानीकडे वळावे. अवजड विद्युत यंत्रांचा सरकारी कारखाना १९५६ साली भोपाळला काढण्याचे ठरले. ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. आज ‘भेल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कारखान्याभोवती पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा अशा वसाहती उभ्या राहिल्या आणि देशाच्या सर्व भागांतून आलेली कुटुंबे एकसारख्या क्वार्टरांत शेजारी शेजारी नांदू लागली. त्यांत मराठी घरेही होती आणि आहेत. परमुलखात वसलेल्या माणसाला नातलगांची उणीव शेजाऱ्यांनी आणि सहकाऱ्यांनी भरून काढावी लागते. ती भरून निघते बहुधा खाण्याच्या निमित्ताने: पाळी सुटल्यावरचा चहा, कँटीनमध्ये उघडलेले चार डबे, सकाळचे पोहे-जिलबी, गणेशोत्सवातील प्रसाद, आणि पुरुषांच्या बाबतीत पानाच्या टपरीवरचा अर्धा तास.

त्या टपरीवरच पुष्कळांच्या रोगाचा आरंभ होतो. भोपाळचे पान-सुपारीचे प्रेम नवाबी काळापासूनचे आहे. पुढे गुटखा आला आणि सुपारीला वेळकाळ उरला नाही. मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी घातली. असे करणारे ते देशातील पहिले राज्य. महाराष्ट्राने त्याच वर्षी जुलैत तेच केले. परंतु व्यसनापुढे कायदा भाबडा ठरला. सुपारीची पुडी वेगळी आणि तंबाखूची पुडी वेगळी विकली जाऊ लागली आणि गिऱ्हाईक ती तळहातावर एक करू लागले.

अशा एखाद्या कामगाराची कल्पना करावी. वय चाळिशीच्या पुढे, कामात वाकबगार, बोलका. प्रथम त्याला मिरची झोंबू लागते. मग गरम चहा सोसत नाही. गालाच्या आतील मऊ त्वचा पांढुरकी आणि चिवट होते, आणि एके दिवशी मोठा घास तोंडात जात नाही असे ध्यानात येते. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात. याची दोन मावतात, पुढे दीड. तो कँटीनमध्ये डबा उघडीनासा होतो. पाणीपुरीच्या गाडीशी मुलांबरोबर उभा राहत नाही. लग्नाचे आमंत्रण आले की पोट बिघडल्याचे निमित्त सांगतो. घरी ‘तुम्ही जेवून घ्या, मला भूक नाही’ म्हणतो आणि सगळे उठल्यावर वरणात भात कालवून एकटाच बसतो. बोलणे अस्पष्ट झाल्यामुळे टेलिफोनवर समोरचा ‘काय? काय?’ विचारतो, म्हणून टेलिफोनही नकोसा होतो. दोन-तीन वर्षांत या माणसाचा सगळा गोतावळा गळून पडतो. तो तुसडा झाला, असे लोक म्हणू लागतात.

या रोगाला वैद्यकात मुखाचा अधःश्लेष्मल तंतुमयता-रोग म्हणतात. नाव अवघड असले तरी अर्थ सोपा आहे: तोंडाच्या नाजूक अस्तराखाली व्रणासारखे ताठर धागे वाढतात आणि तोंड आवळत जाते. आधुनिक वैद्यकात त्याची पहिली नोंद १९५२ साली श्वार्ट्‌झ यांनी केली, आणि तीही भारतात नव्हे तर पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या भारतीय स्त्रियांमध्ये. पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू व घशाच्या कमानींवरील याच विकाराचे वर्णन करून त्याला आज रूढ असलेले नाव दिले. कारण तेव्हा स्पष्ट नव्हते. मिरचीवरही संशय घेतला जाई. आज सुपारी हेच त्याचे मुख्य कारण मानले जाते. सुपारीतील द्रव्यांमुळे तंतू निर्माण करणाऱ्या पेशी चेतवल्या जातात आणि तयार झालेले तंतू विरघळेनासे होतात. तंबाखू नसलेली सुपारीदेखील कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिला. ‘मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो’ असे समाधान मानणाऱ्यांनी एवढे लक्षात घेतले तरी पुरे.

या रोगाचे कर्करोगात रूपांतर होऊ शकते. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यातील ६६ रोग्यांवर सतरा वर्षे लक्ष ठेवण्यात आले तेव्हा त्यांतील पाच जणांना, म्हणजे शेकडा साडेसातांच्या आसपास लोकांना, कर्करोग झाला. हा आकडा दोन रीतींनी वाचता येतो. शंभरांतील सात-आठ ही थोडी संख्या नव्हे, म्हणून नियमित तपासणी हवी. पण शंभरांतील नव्वदांहून अधिकांना इतक्या वर्षांत तो झाला नाही, हेही तितकेच खरे आहे. रोग्याचे मन मात्र पहिली रीत घट्ट धरून बसते. तो दिवसातून दहा वेळा आरशापुढे उभा राहतो, जिभेची कड बोटाने चाचपतो, साध्या दाताच्या टोकाने पडलेल्या चट्ट्याने रात्रभर जागा राहतो. किंवा याच्या अगदी उलट, तो आरसा टाळतो आणि डॉक्टरलाही टाळतो. सिनेमागृहांतील आणि पुड्यांवरील भयानक चित्रांनी काहींची सवय सुटली असेल, त्यांचा हेतूही चांगला आहे. तथापि ज्याला रोग आधीच जडला आहे त्याच्या हाती ती चित्रे काय ठेवतात, याचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही.

रोगाचे भय हा व्यथेचा एक भाग झाला. लाज हा दुसरा, आणि बहुधा अधिक खोल. हृदयविकार झालेल्या माणसाला पाहावयास लोक फळे घेऊन येतात. सुपारी-तंबाखूने तोंड बिघडलेल्या माणसाला पाहावयास आलेले लोक प्रथम विचारतात, ‘किती वर्षे खात होतात?’ प्रश्नात चौकशी असते तशी फिर्यादही असते. ‘स्वतःच्या हाताने ओढवून घेतले’ हे वाक्य घरातही कोणी तरी उच्चारते आणि रोगी ते मनातल्या मनात हजार वेळा उच्चारतो. भारतात ठिकठिकाणी झालेल्या पाहण्यांत या रोग्यांमध्ये चिंता आणि उदासीनता यांचे प्रमाण निरोगी माणसांपेक्षा अधिक आढळले आहे, आणि पुष्कळ ठिकाणी तोंड जसजसे अधिक मिटते तसतशी उदासीनता वाढलेली दिसली. आकडे प्रत्येक पाहणीत निरनिराळे येतात, कारण प्रश्नावल्या निरनिराळ्या असतात. दिशा मात्र बहुतेक ठिकाणी एकच आहे.

हिरड्यांचा जुना पायोरिया, वारंवार तोंड येणे, गालाच्या आत जाळीदार पांढऱ्या रेषा उमटवणारा लायकेन प्लेनस, जबड्याच्या सांध्याचे दुखणे, सगळे दात गेल्यावर न बसणारी कवळी, यांची जात निराळी असली तरी मनावरील आघात याच वाटेने होतो. पायोरियाच्या रोग्याला वेदना थोडी, पण तोंडाला दुर्गंधी. ती आपल्याला येत नाही, दुसऱ्याला येते, म्हणून समोरच्याने सहज नाक पुसले तरी त्याला ते आपल्यासाठीच वाटते. तो बोलताना तोंडावर हात धरू लागतो. एखाद्याची दुर्गंधी उपचाराने पूर्ण जाऊनही हात खाली येत नाही. काहींना तर मुळात दुर्गंधी नसतानाच ती असल्याची खात्री वाटते. असे लोक एका दंतवैद्याकडून दुसऱ्याकडे हिंडत राहतात. त्यांना हसण्यावारी नेणे सोपे आहे, पण त्यांचे हाल खरे असतात आणि त्यांवर उपचार मनोविकारतज्ज्ञाकडे आहे.

तोंडाचा रोग मनाला किती ग्रासू शकतो याचे सर्वांत बोलके उदाहरण मनाच्याच वैद्याचे आहे. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांना सिगारचे अनिवार व्यसन होते. १९२३ साली त्यांच्या तोंडात कर्करोग आढळला. टाळूचा व वरच्या जबड्याचा भाग काढावा लागला आणि नाक व तोंड यांमधील पोकळी बुजवण्यासाठी एक मोठी कृत्रिम टाळू बसवण्यात आली. ती इतकी दुःसह होती की घरात तिला ‘राक्षस’ असे नाव पडले. २३ सप्टेंबर १९३९ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले, तोवरच्या सोळा वर्षांत त्यांच्यावर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. बोलणे जड झाले, उजव्या कानाने ऐकू येईनासे झाले, परक्यांसमोर जेवण्याचा त्यांना संकोच वाटू लागला. ज्याने जन्मभर दुसऱ्यांना बोलते केले, त्याच्यावर स्वतः बोलण्यासाठी झगडण्याची वेळ आली. सिगार मात्र त्यांनी सोडली नाही. व्यसन हे केवळ अज्ञानाचे फळ असते असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

फ्रॉइड यांच्या आजारातील एक गोष्ट आपल्या घरांशी फार जुळते. त्यांचे डॉक्टर फेलिक्स डॉइच यांनी प्रथम त्यांना कर्करोग असल्याचे सांगितलेच नाही. सत्य ऐकून ते जिवाचे बरेवाईट करून घेतील, अशी त्यांना धास्ती होती. फ्रॉइड यांना पुढे हे कळले तेव्हा ते संतापले आणि त्या डॉक्टरवरचा त्यांचा विश्वास उडाला. आपल्याकडेही ‘बाबांना काही सांगू नका’ असे डॉक्टरांना कोपऱ्यात घेऊन सांगण्याची रीत आहे. हेतू प्रेमाचा असतो. पण रोगी मूर्ख नसतो. कुजबुज थांबलेली पाहून, मुलगी अकारण गोड बोलू लागलेली पाहून त्याला सर्व कळते. आणि ते आपल्याला कळले आहे हे कोणाला सांगण्याची सोय मात्र राहत नाही. सत्य एकदम अंगावर टाकू नये, हे खरे. रोग्याला किती जाणून घ्यावयाचे आहे हे त्यालाच विचारावे, आणि जितके सांगावयाचे तितके खरे सांगावे. डोके व मान यांच्या कर्करोगाच्या रोग्यांमध्ये आत्महत्येचे प्रमाण इतर पुष्कळ कर्करोगांपेक्षा अधिक असल्याचे अमेरिकेतील नोंदींवरून दिसून आले आहे. तेव्हा डॉइच यांची धास्ती निराधार नव्हती, उपाय चुकीचा होता. एकाकी पाडणारे मौन हे अशा विचारांवर औषध होऊ शकत नाही. ‘जगणे नको वाटते का?’ असे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूतही खरी नाही. विचारल्याने बहुधा मन हलके होते आणि मदतीची वाट उघडते.

महाराष्ट्रात शरद पवार यांच्या तोंडाच्या कर्करोगावर २००४ साली शस्त्रक्रिया झाली. त्यांनी तो आजार लपवला नाही. जाहीर व्यासपीठांवरून आपल्या सुपारी-तंबाखूच्या सवयीविषयी खेद व्यक्त केला, आणि बदललेला चेहरा व आवाज घेऊन सभा गाजवणे चालू ठेवले. राजकारणाविषयी कोणाचे मत काहीही असो, तोंडावर शस्त्रक्रिया झालेल्या खेड्यापाड्यांतील रोग्याला लोकांसमोर बोलता येते, एवढे त्यावरून दिसले, हे थोडे नव्हे.

आतापर्यंतचा विचार मुख्यतः पुरुषांचा झाला. स्त्रियांची एक व्यथा वेगळी आहे आणि तिला न्याय त्याहून कमी मिळतो. पाळी गेल्यानंतरच्या वयात काही स्त्रियांच्या जिभेची, ओठांची, टाळूची सतत आग होऊ लागते. सकाळी ती कमी असते, संध्याकाळी वाढते. डॉक्टर तोंडात पाहतो तर तेथे व्रण नाही, सूज नाही, काही नाही. मग ‘तुम्हाला काहीही झालेले नाही’ असे सांगण्यात येते आणि घरी त्याचे भाषांतर ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ असे होते. वस्तुतः या विकाराला वैद्यकात मान्यता आहे. तोंडाची संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंच्या कामात बिघाड होतो असे आता मानले जाते. त्याबरोबर चिंता व उदासीनता पुष्कळदा असते; पण ती आगीचे कारण की आगीचा परिणाम, हे प्रत्येक बाईच्या बाबतीत तपासावे लागते. ‘मनाचे खेळ’ म्हणण्याने ते तपासणे टळते, इतकेच.

शिवाय तसे म्हणण्यापूर्वी रक्त तपासणे अगत्याचे आहे. जीभ जळण्यामागे लोहाची उणीव, मधुमेह, तोंडातील बुरशी किंवा ब-१२ या जीवनसत्त्वाचा अभाव असू शकतो. यांपैकी शेवटचे कारण आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून जवळजवळ मिळत नाही. म्हणून शाकाहारी घरांत, आणि त्यातही दूध-दह्याचा आपला वाटा मुलांना देणाऱ्या गृहिणींत, त्याची कमतरता पुष्कळ आढळते. त्याच्या अभावी जीभ गुळगुळीत होते व जळते, हातापायांना मुंग्या येतात, विसराळूपणा येतो आणि मन उदास होते. म्हणजे तोंडाचे दुखणे आणि मनाचे दुखणे अशी जी दोन वाटतात ती एकाच उणिवेची दोन फळे असू शकतात. काही इंजेक्शनांनी किंवा गोळ्यांनी जे जाऊ शकले असते त्याच्यासाठी एखादी बाई वर्षानुवर्षे ‘नाटकी’ ठरावी, यासारखा अन्याय नाही.

तोंडाकडून मनाकडे जाणारी ही वाट उलट दिशेनेही चालते. उदासीनतेच्या रोग्याला सकाळी अंथरुणातून उठणेच पर्वत चढण्यासारखे असते. त्याच्याकडून दात घासले जात नाहीत. गोड खाणे, तंबाखू, बिडी यांचा आधार वाढतो. उदासीनतेवरील जुन्या व काही नव्या औषधांनी तोंडाला कोरड पडते. लाळ ही दातांची राखणदार आहे. ती दिवसभरात अर्धा ते दीड लिटर स्रवते, अन्नकण धुऊन नेते, आम्ल निववते. ती आटली की दात भराभर किडतात. पुष्कळ रोग्यांना याची पूर्वसूचना मिळत नाही. अशा वेळी औषध आपल्या मनाने बंद करणे फार घातक. डॉक्टरांना कोरड पडते हे सांगावे, घोटघोट पाणी प्यावे, गोड गोळ्या चघळू नयेत आणि वर्षातून दोनदा दात दाखवावे. जी माणसे दंतवैद्याला भितात त्यांचेही असेच चक्र असते: भीतीमुळे जाणे लांबते, लांबल्यामुळे दुखणे वाढते, वाढलेल्या दुखण्यावर उपचार अधिक त्रासाचा होतो आणि भीती खरी ठरते. हिरड्यांच्या जुन्या दाहातून रक्तात उतरणारी द्रव्ये मेंदूवर परिणाम करून उदासीनता आणतात, असाही एक विचार हल्ली मांडला जातो. त्यावर संशोधन चालू आहे. निष्कर्ष हाती येईपर्यंत दात घासल्याने उदासीनता जाते, अशी जाहिरात कोणी केल्यास तीवर विश्वास ठेवू नये.

मग या रोग्यांचे मन पाहावे कोणी? प्रत्येक दातांच्या दवाखान्यात मनोविकारतज्ज्ञ बसवता येणार नाही, हे उघड आहे. पण या प्रश्नाचे एक उत्तर भोपाळनेच देशाला दिले आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. प्रथम सर्वांचे लक्ष डोळ्यांकडे आणि फुप्फुसांकडे गेले, आणि ते स्वाभाविकच होते. काही आठवड्यांनी ध्यानात आले की, दवाखान्यांत येणाऱ्यांपैकी पुष्कळांची झोप उडाली आहे, छातीत धडधडते आहे, मृत मुलांच्या आठवणीने घास उतरत नाही. शहरात मनोविकारतज्ज्ञांची वाण होती. तेव्हा लखनौ आणि बंगलोर येथील तज्ज्ञ आले. त्यांत बंगलोरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती होते. त्यांनी १९८५ साली तेथील साध्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनाच मनाची व्यथा ओळखण्याचे आणि तिच्यावर प्राथमिक उपचार करण्याचे थोडक्या दिवसांचे शिक्षण दिले. शरीराचे डॉक्टर मनाकडेही पाहू शकतात, त्यांना तसे शिकवावे मात्र लागते, हे त्या दुर्घटनेच्या राखेतून निघालेले ज्ञान होते.

त्याच शहरात वायुपीडितांच्या निमित्ताने १९८८ पासून कर्करोगाची लोकसंख्यानिहाय नोंद ठेवली जाते, आणि पुरुषांतील तोंड व जीभ यांचे कर्करोग त्या नोंदीत अग्रभागी असतात. तेव्हा हे ज्ञान दंतवैद्यांपर्यंत पोचावयास भोपाळइतके योग्य गाव दुसरे नाही. दंतवैद्य म्हणतील की, बाहेर वीस रोगी बसले असताना मनाच्या गोष्टी करण्यास सवड कोठे आहे? तक्रार खोटी नाही. परंतु प्राथमिक चौकशीला दोनच प्रश्न लागतात आणि ते जगभर वापरले जातात. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास किंवा हताश वाटत होते काय, हा पहिला. एरवी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटेनासा झाला आहे काय, हा दुसरा. दोहोंना एक मिनिट पुरते. उत्तर होकारार्थी आले तर पुढचे काम दंतवैद्याचे नसून त्याच्या चिठ्ठीचे आहे. तिसरा एक प्रश्न आपल्या घरांसाठी जोडता येईल: ‘जेवता कोणाबरोबर?’ तोंडाच्या रोग्याबाबत पुष्कळदा या एका उत्तरातून सगळी हकीकत कळते.

पिपलानीच्या रहिवाशाला ही चिठ्ठी घेऊन दूर जावयास नको. भेलचे कस्तुरबा रुग्णालय वसाहतीच्या परिसरातच आहे. साकेतनगरातील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था २०१२ पासून जवळच उभी आहे. जुन्या शहरात हमीदिया रुग्णालय आहे. जाण्याचा संकोच वाटणाऱ्यास १४४१६ या क्रमांकावर टेलिफोनने विनामूल्य सल्ला मिळतो. ‘टेलि-मानस’ नावाची ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली आणि तीवर मराठीतही बोलता येते. तंबाखू सोडू पाहणाऱ्यासाठी १८००-११-२३५६ हा क्रमांक आहे. सुपारी-तंबाखू सोडल्यावर पहिले काही आठवडे माणूस चिडचिडा, अस्वस्थ, उदास होतो. तो स्वभाव नव्हे, सुटत्या व्यसनाचे लक्षण आहे. घरच्यांनी तेवढे दिवस शब्दाला शब्द वाढवू नये.

घरच्यांच्या हाती औषधाशिवायही पुष्कळ असते. भाजी सगळ्यांसाठीच तिखटावाचून करावी आणि ठेचा किंवा चटणी ज्याने त्याने ताटात वेगळी घ्यावी. म्हणजे रोग्याचे ताट निराळे दिसत नाही. मुगाची खिचडी, ताकातली आंबील, दूधभात ही पथ्याची म्हणून त्याला एकट्याला न वाढता अधूनमधून सर्वांनी खावी. तो हळू जेवतो, म्हणून शेवटचा माणूस उठेपर्यंत पाट सोडू नये. त्याचे बोलणे कळले नाही तर कळल्यासारखे करून मान हलवू नये, पुन्हा विचारावे. रोगी ती फसवी मान लगेच ओळखतो.

आवळलेले तोंड उघडण्यासाठी डॉक्टर इंजेक्शने देतात, क्वचित शस्त्रक्रिया करतात, आणि त्याबरोबर जबड्याचा एक व्यायाम सांगतात. आईस्क्रीमच्या सपाट लाकडी काड्या एकावर एक रचून वरच्या व खालच्या दातांमध्ये धरावयाच्या, थोडा वेळ थांबावयाचे, आणि सोसेल तशी एकेक काडी वाढवावयाची. सुपारी पूर्ण सुटली असेल तरच याचा उपयोग. व्यायाम कंटाळवाणा आहे, दुखतो, आणि दिवसातून अनेकदा करावा लागतो. काडी महिन्या-दोन महिन्यांतून एखादी वाढते, कधी वाढतही नाही, आणि एकटा माणूस आठवडाभरात तो सोडून देतो. म्हणून त्या काड्यांची मोजणी घरातील दुसऱ्या कोणी तरी करावी आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या त्या तारखेवर आकडा लिहून ठेवावा. काडी वाढली नाही त्या दिवशीही लिहावा.